वलयाखालून

२ ऑगस्ट १९९८
आज वणीजवळ गोटीरामच्या मळ्यात येऊन पोचलो. चौथीत माझ्याकडे खणखणीत आवाजात कविता म्हणायचा तो. आता निवृत्त गुरुजींना सोयाबीनवर नजर ठेवायला बोलावलंय त्याने. खिडकीतून देवीच्या गडाचा डोंगर दिसतो. त्याच्या बायकोने, सरुबाईने, गरम भाकरी नि ठेचा वाढला. काम तसं सोपं. चक्री भुंगा खोडावर दोन वलयं कुरतडतो, मधल्या जागेत अंडं घालतो. वरचा शेंडा मान टाकतो आणि अळी खोड आतून पोखरत जाते. असं झाड दिसलं की, "वलयाखालून मोडायचं, लगेच जाळायचं. दया नाय करायची, गुरुजी," असं त्याने बजावलं. माझाच शिकवायचा सूर त्याच्या तोंडी! हसू आलं.

६ ऑगस्ट
सोयाबीन फुलोऱ्यात आलंय. वलय पडलेल्या एका फांदीला इतकी नाजूक जांभळी फुलं होती की जुना वर्गच आठवला: ओल्या सदऱ्यांचा वास, एका सुरात म्हटलेलं कडवं. मोडली, पण जाळवेना. फुलपात्रात पाणी घालून उशाशी ठेवली. सगळं जाळलं का, असं सरुबाईने विचारलं. हो म्हणालो.

१४ ऑगस्ट
फुलं केव्हाच गळली. काडी पोकळ. आत भुसा, अळी नाही.
दुपारी गोटीरामची शेळी मान टाकून पडली. गळ्याभोवती दोन वलयं, दोरा आवळल्यासारखी. त्याने वलयाखाली कोयता घातला. मुंडकं घरंगळलं. नरड्यातून बोटाएवढी पिवळट अळी बाहेर आली, वळवळत.

१७ ऑगस्ट
आज सरुबाईच्या मनगटावर तीच दोन वलयं. तिने स्वतःच हात ओंडक्यावर ठेवला, पदर दातांत धरला. गोटीरामच्या एका घावात तुटला नाही. दुसऱ्या — रक्त माझ्या धोतरावर उडालं. चुलीत जळताना बोटं मिटत होती. शुद्ध जाण्याआधी तिने एवढंच विचारलं, "गुरुजी, समदं जाळलं व्हतं ना?"
मी पुन्हा हो म्हणालो.

१९ ऑगस्ट
मान जड. उकाड्यात मफलर गुंडाळून बसलोय. घास उतरत नाही. कविता आठवतात, शेवटच्या ओळी नाहीत — आतून कुणी खात —

२० ऑगस्ट
भाकरी आणताना गोटीरामने मफलर पाहिला. दाराबाहेर कोयता घासतोय. पळावं तर डोकं छातीवर लोंबतंय. गळ्यात काहीतरी वळतंय, वर सरकतंय.
"गुरुजी, मफलर काढा." आवाज रडवेला, कडवं विसरल्यावर यायचा तसा.
कडी मीच काढली. सगळं सांगितलं, फुलांचं. तो रडतोय — कोयता खाली टाकला — म्हणतो, जमणार नाय —
गोटीराम, उचल. दया नाही करायची. खालून, वलयाखा