बाबांचं शुक्रवारचं इंजेक्शन

७ एप्रिल
जे घडलं ते, क्रमाने.
१. बाबा, वय ६६, निवृत्त सुभेदार. आई गेल्यापासून माझ्याकडे, गुरुग्रामला.
२. तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट.
३. दिवाळीपासून दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. आधी दोनदा सकाळी रक्त तपासलं, दोन्ही वेळा कमी. म्हणजे कारण होतं.
४. आज जिन्यात छातीत धडधड. दहा मिनिटं. थांबली.
५. त्यांची फाइल उघडली. हॉर्मोनच्या डॉक्टरांच्या फॉर्मवर ‘पूर्वीचे ऑपरेशन’, पुढे बाबांच्या अक्षरात: नाही.

८ एप्रिल
“ऑपरेशन म्हणजे फाडतात. मला मनगटातून तार घातली, तिसऱ्या दिवशी घरी.”
“आणि हार्टच्या डॉक्टरांना इंजेक्शनचं सांगितलंत?”
“त्यांनी हार्टचं विचारलं. जेवढं विचारलं तेवढं सांगायचं, अशी सवय आहे आमची.”
मला ते ‘ताकदीचं इंजेक्शन’ म्हणाले होते. मी पुढे विचारलं नाही. मुलीने काय विचारायचं, असं त्यांनाही वाटलं, मलाही. मानेसरला प्लांटमध्ये मी पार्ट तपासते; तिथे एवढ्यावर एकही पास केला नसता.

१० एप्रिल
हाफ डे. हॉर्मोनचे डॉक्टर. स्टेंट ऐकून पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, स्टेंट आहे म्हणून हे देताच येत नाही असं नाही, पण मला माहीत असायला हवं होतं. हार्ट अटॅक वाढतात असं दिसलेलं नाही. ठोके बिघडण्याचं थोडं जास्त दिसलंय. रक्त दाट होतंय: हिमॅटोक्रिट आधी ४६, आता ५३. ५४च्या वर गेलं तर थांबवतात.
५३ म्हणजे पास? “हार्टवाल्यांना विचारा.”

११ एप्रिल
हार्टचे डॉक्टर. ईसीजी ठीक. चोवीस तास ठोके नोंदवणारं मशीन छातीवर लावलं. पुढचं इंजेक्शन? “ज्यांनी सुरू केलं त्यांना विचारा.”
बाबा लिफ्टमध्ये: “आता तिसरा डॉक्टर शोध, इन्स्पेक्टर.”

१२ एप्रिल
मशीन काढून दिलं. तिथून बाबांनीच दिल्लीला, सरोजिनी नगरच्या बाजारात नेलं. एका टी-शर्टसाठी वीस मिनिटं घासाघीस. “भैया, फौजी से मज़ाक?” दुकानदार हसत होता. मागच्या वर्षी हा माणूस खोलीचा पडदा उघडू देत नव्हता.
मेट्रोत म्हणाले, “बंद करायला लावशील.”
“मी नाही, डॉक्टर ठरवतील.”
“मी परत तसा होणार नाही, एवढं बघ.”


१३ एप्रिल
मशीनचा रिपोर्ट: थोडे जादा ठोके, बाकी काही नाही. त्या चोवीस तासांत धडधड झालीच नाही, मग यातून काय सिद्ध? एक्सेलमध्ये तारखा मांडून पाहिल्या. इंजेक्शन, जिना, चहा, झोप. एकच घटना, चार कारणं. नोकरीत असं कोणी आणलं तर परत पाठवते.
बंद केलं आणि ते पुन्हा खोलीत बसले तर? चालू ठेवलं आणि…

दोन्ही डॉक्टरांना एकच मेल लिहिला. दोन्ही फाइली जोडल्या. बाबांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला, माझ्याकडे न बघता शेवटी एक ओळ टाइप केली: ‘धडधड मार्चमध्येही दोनदा झाली होती.’
मी ती ओळ तशीच ठेवली. त्याखाली:

‘पुढचं इंजेक्शन शुक्रवारी, १७ तारखेला आहे. द्यायचं, पुढे ढकलायचं की बंद करायचं, हे आपण दोघांनी एकमेकांशी बोलून गुरुवार, १६ एप्रिल, संध्याकाळी सहापर्यंत लेखी कळवावं.’