कोंबडीच्या पोटातला ट्रान्झिस्टर

ता. १२ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप धर्मराजदादास, धाकट्या सत्यशीलाचा आदरपूर्वक जय भीम.

तुझी कंबर कशी आहे? वहिनीचा खोकला थांबला का? आम्ही खुशाल आहोत (कोंबडी सोडून, तिचं पुढं सांगते).

सरकारनं धोरण काढलंय, की ट्रान्झिस्टर, चिपा आता आपल्याच देशात बनवायच्या, बाहेरच्यांच्या तोंडाकडं बघायचं न्हाई. त्यासाठी परतूरच्या आम्हा बारा बायांना समाजमंदिरात शिक्षण सुरू झालं. शिकवायला पुंजाराम सर. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं, 'अर्धवाहक: कधी वीज जाऊ देतो, कधी अडवतो.' घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "मंग हे तर आपला लाइनमन बी करतो." (चूक काढायला जागा न्हाई.)

सामान वरून यायचं होतं, ते आलंच न्हाई. साऱ्या वर्गात खरा ट्रान्झिस्टर एकच, हरभऱ्याएवढा, काळा, तीन पायांचा. तो पाळीपाळीनं घरी न्यायचा, पाय ओळखायचे, परत आणायचा. माझ्या पाळीला मी तो सुपाच्या कडेला ठेवून पाणी आणायला गेल्ते, तेवढ्यात शेजारच्या साळूबाईच्या कोंबडीनं गिळला. दुसऱ्याच दिवशी औरंगाबादचे साहेब तपासणीला येणार. म्हणजे परतूर तालुक्याचा सगळा इलेक्ट्रॉनिक्स उद्योग त्या घडीला एका कोंबडीच्या पोटात होता. साळूबाई कापू देईना (अंड्यावरची कोंबडी, तिचं बी बराबर). सासूबाई दिवस मावळेपर्यंत टोपलीपाशी बसल्या. अंडं निघालं, माल न्हाई.

मंग मी ह्यांचा रेडिओ, ज्याला मी पुसायला बी हात लावत नसते, पिशवीत घालून नेला; सासूबाई बी संगं आल्या. साहेबांनी विचारलं, "ट्रान्झिस्टर कुठाय?" पुंजाराम सर खिडकीबाहेर बघायला लागले. मी रेडिओ उघडला, साहेबांदेखत त्यातला एक ट्रान्झिस्टर उकलून काढला, पाय ओळखून सांगितले अन् परत जागेवर कथलाचा डाग दिला. रेडिओ खरखरला अन् बाजारभाव सांगायला लागला. साहेब शेवटपर्यंत कापसाचा भाव ऐकत बसले, मंग म्हणाले, "बाई, पुण्याच्या कारखान्यात शिकायला जाल का?"

दादा, दहावीनंतर मला कुणी असं विचारलंच नव्हतं. मी काही म्हणायच्या आत मागून सासूबाईच बोलल्या, "जाईल. मी सोबत येते."

असो. लेकरांना पापा.

तुझी,
सत्यशीला

ता. क. निघताना साहेबांना वर दाखवायला नमुना पाहिजे होता, तो मी रेडिओतलाच काढून दिला. ह्यांना वाटतं सेल उतरलेत. मी निघेपर्यंत ह्यांनी दुसरी जोडी आणली होती. तू काही बोलू नको.

ता. क. पुन्हा. हे पत्र पुण्यातून लिहून राह्यले. सासूबाई बी इथंच आहेत. ह्यांना आम्ही आठ दिवसांचं सांगितलंय, आहे सहा महिन्यांचं. ते तू सांग. रविवारी ते तुझ्याकडं जुन्या जालन्यात जेवायला येतील, तेव्हा पोटभर जेवल्यावरच सांग. अन् वहिनीला म्हणावं, त्यांना भाकरी थापायला शिकव. पहिले आठ दिवस बोटं भाजतात, मंग हात बसतो. माझा बसला.