रेघ उतरते आहे

४ सप्टेंबर

पोचलो एकदाचा! जीपवाल्यानं शेवटचं वळण असं घेतलं की माझा जीव बाहेर आणि मी आत. वर म्हणतो कसा, काका, भ्यायचं कशाला, पडलो तर दोघं बरोबरच पडू, एकटं नाही वाटणार. माणूस मोठा गमत्या.

जागा मात्र झकास. डोंगराच्या माथ्यावर राहायची एक खोली, तिला लागून मशीनची खोली, आणि अंगणात उंच लोखंडी खांब, त्याला ताणलेल्या तारा. अंगणाला तीन बाजूंनी कुंपण आहे. चौथीकडे सरळ कडा. तिथं चुन्यानं रंगवलेले दगड ओळीनं मांडलेत, बास. खोलीत खाट, स्टोव्ह, दोन खुर्च्या. दुसरी कुणासाठी, कोण जाणे. तिच्यावर मी माझी टोपी ठेवली. कुणी बसल्यासारखं वाटतं.

रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून हात नुसते शिवशिवत होते. इथल्या मॅडम त्यांचा सेट माझ्याकडेच आणायच्या. त्यांनीच विचारलं, वर येऊन मशीनकडे बघाल का. लेक नको नको म्हणत होती. पण बायको गेल्यापासून घरात सगळे माझ्याशी जपून बोलायला लागलेत, काचेचं भांडं असल्यासारखे. त्यापेक्षा डोंगर बरा.

६ सप्टेंबर

काम समजावून मॅडम आज खाली गेल्या. पुढच्या महिन्यात येतील.

काम असं: हे मशीन आभाळात एक हाक मारतं. फार फार वर विजेनं भारलेल्या हवेचा थर आहे. हाक त्याच्यावर आपटून परत येते, आणि मशीन कागदावर रेघ ओढतं. थर खाली आला की रेघ खाली. मला वाटायचं, तो थर हलतो तो सूर्यामुळं. मॅडम म्हणाल्या, सूर्य आहेच हो, पण पुष्कळ कागाळ्या खालूनच वर जातात. वारा डोंगरावर आदळला, कुठं वादळ झालं, की हवेत लाटा उठतात. त्या वर चढतात, आणि हवा जशी विरळ होते तशा मोठ्या होत जातात. चाबकाची मूठ जराशी हलावी आणि टोक फटकारावं, तसं. मला भारी आवडलं. म्हणजे अंगणात कुजबुजावं आणि माळ्यावरची भांडी खणखणावीत!

इथं फोन लागत नाही. घरी एक वायरलेस सेट बसवून आलोय, त्यावर संध्याकाळी लेकीशी बोलतो. तो आवाजही त्याच थरावर आपटून घरी पोचतो. भिंगरीनं, म्हणजे माझ्या नातीनं, विचारलं की आजोबा, तिथं आंधळी कोशिंबीर कुणाशी खेळता? डोळे बांधले तरी ही पोर माझ्या आवाजावर नेमकी येऊन मिठी मारते. कधी चुकत नाही.

११ सप्टेंबर

वारा नाही, ढग नाही, बोलायला कुणी नाही. टोपीशी बोलून झालं.

आज रेघ फिकट येत होती. मग परतीची हाक कानांनी ऐकावी म्हणून मशीनला एक जुना स्पीकर जोडला. कमजोर स्टेशन पकडताना सेटला चुचकारायची माझी जुनी खोड आहे. ‘ये, ये, घाबरू नकोस, ये जवळ.’ दुकानात गिऱ्हाइकं हसायची, पण स्टेशन यायचं. तेच इथं केलं. वायरलेसही तपासायचा होता, म्हणून माइकचं बटण दाबलेलं राहील असा रबरबँड गुंडाळला होता. आम्ही दुरुस्तीवाले तसंच करतो, हात मोकळे राहतात. तो काढायचा राहून गेला. म्हणजे अख्खी दुपार माझं चुचकारणं वर जात होतं!

रेघ मात्र ठळक झाली. जरा खालीही सरकली. आली तर आली बिचारी.

१४ सप्टेंबर

पान हलत नाही, तरी रेघेला नागमोडी लाटा. मी खोकलो, की तिथं एक लाट. जुन्या चालीवर गुणगुणलो, तर रेघ त्याच चालीवर डोलली. कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग बोलतच बसलो. बायकोचं आजारपण, भिंगरी, तिचा खेळ, सगळं सांगितलं. किती दिवसांनी कुणी न कंटाळता ऐकलं.

१७ सप्टेंबर

स्पीकरमधून आज माझाच आवाज आला. कालचं बोलणं, शब्दन् शब्द. वर कुठंतरी रेंगाळला असेल, असं मनाला समजावलं.

मग तो आवाज खोकला आणि हसला. काल मी हसलो नव्हतो.

१९ सप्टेंबर

बॅटरी उतरली होती, त्यामुळं काल सेट बंदच होता. आज लावला तर लेक खूश. म्हणाली, बाबा, काल किती मोकळं बोललात, घरी तर तोंडातून दोन शब्द काढायचे म्हणजे मारामार. आणि भिंगरी नाचतेय, तुम्ही बोलावलंत म्हणून. पुढच्या रविवारी, अठ्ठावीसला, तिला घेऊन येते.

मी कुणालाही बोलावलेलं नाही.

२१ सप्टेंबर

लेकीला स्पष्ट सांगितलं, येऊ नकोस. ती हसून म्हणाली, हो, आणते मफलर. मी ओरडलो, इथं धोका आहे, भिंगरीला आणू नकोस! ती म्हणाली, इश्श, त्यात काय, मीही लहानपणी दुकानात तसंच करायचे. माझे शब्द इथून निघतात. तिथं दुसरेच उतरतात.

रेघ इतकी खाली आलीय की तिथं कुठला थर असायलाच नको. मॅडमना कळवायचं तर त्याच वाटेनं.

२४ सप्टेंबर

जीपवाला सामान घेऊन आला. त्याचा दंड धरून सांगितलं, लेकीला निरोप दे, रविवारी यायचं नाही. तो गोंधळला. म्हणे, काका, परवा तुम्हीच गाडीतल्या वायरलेसवर मला सांगितलंत ना, दोघींना नीट घेऊन ये. मी शपथ घातली. तेव्हा कुठं बरं म्हणाला.

मीही गाडीत चढायला हवं होतं. मॅडमना शब्द दिलाय, मशीन सोडायचं नाही, म्हणून थांबलो.

पहिल्या वळणावर त्याच्या गाडीतला सेट खरखरला. माझा आवाज, चांगला खणखणीत: अरे, थट्टा केली रे तुझी! जीपवाल्यानं खिडकीतून हात हलवला. खो खो हसत होता.

२६ सप्टेंबर

मशीन बंद केलं. खांबाच्या तारा कापल्या. वायरलेसचं पोट फोडलं. आता तो बोलणार कुठून?

चहा टाकला. भिंतीवरचा स्पीकर, वायर तुटलेला, माझ्यासारखा खोकला.

खांबाचं टोक दिसत नाही. ढग नाही हा. जवळ गेलं की अंगावरचे केस उभे राहतात.

२७ सप्टेंबर

पायी निघालो. अंगणभर पांढरं. हात लांबवला तर बोटं दिसेनात. डावीकडून हाक आली, इकडे, काका, वाट इकडे. जीपवाल्याचा आवाज. गेलो. पायाला चुन्याचा दगड लागला —

बसूनच मागं सरकलो. गुडघा गेला. रांगत खोलीत आलो.

घसा बसलाय. टोपीशी बोलायला गेलो, फक्त हवा.

बाहेर मात्र मी बोलतोय.

२८ सप्टेंबर

आवाज नाही. जराही नाही. ओठ हलतात, बस्स. लिहितोय ते त्यासाठीच. मला एवढंच उरलं.

रेघांच्या कागदामागं मोठ्या अक्षरात लिहिलं, परत फिरा. पण या पांढऱ्यात कोण वाचणार.

जीपचा आवाज. शेवटचं वळण. देवा, गाडी नादुरुस्त होऊ दे —

थांबली. गाडीचं दार वाजलं.

लेक विचारतेय, बाबा, कुठं आहात, काही दिसत नाही. बाहेरचा मी म्हणतो, तू तिथंच थांब गं. भिंगरी येईल बरोबर. तिला हा खेळ माहीत आहे.

कड्याकडून बोलतोय. दगडांच्या पलीकडून.

ये, ये, घाबरू नकोस, ये जवळ —

ती हसतेय. पावलं. पळत —

थाळी घेतली. बडवत जातो, या आवाजावर वळेल, वळायलाच ह — बडवतोय — कड्याकडूनही थाळी — तश्शीच — आणि तिची पावलं तिक