मीनलच्या वासाची बिअर

३ जुलै

सकाळी सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरले. मीनलचे यजमान प्रबोधराव पाटी घेऊन उभे होते. पाटीवर ‘वसू, तिसरा बाक, खिडकीकडची’. मला तिथेच हसू फुटलं. मीनल त्यांच्याजवळ माझा उल्लेख असाच करायची म्हणे. पुण्याच्या कॉन्व्हेंटात दहा वर्षं आम्ही दोघी त्या एकाच बाकावर बसलो. ती जाऊन परवा वर्ष झालं. भाऊजींनी फार आग्रह केला म्हणून तीन आठवडे आले आहे. चोवीसला परत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात राधिकाचं बाळंतपण आहे आणि लेकीला मी जवळ हवी आहे.

क्वीन्सटाउनचा जुना फ्लॅट, बारावा मजला. खाली हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत काया टोस्ट, नारळाचा गोड जॅम लावलेला, खाल्ला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून भाऊजी घरीच बिअर करतात. फ्रीझर हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या वाळक्या फुलांच्या, पाकिटांनी भरलेला आहे. एकेक पाकीट फोडून मला हुंगायला लावलं. सात्झ जातीला ओल्या गवताचा वास, कॅस्केडला पपनसाच्या सालीचा. सोराची एस हुंगलं आणि मी ओरडलेच, अहो, हा तर मीनलचा डबा!

५ जुलै

आज बिअर शिजवली. सुरुवातीला टाकलेले हॉप्स कडवटपणा देतात, शेवटी टाकलेले वास देतात. फुलं फक्त मादी वेलीची घेतात. भाऊजी शिकवतात छान, अधूनमधून चेष्टाही करतात. तुमच्या शाळेच्या सिस्टर बेनेडिक्टांना कळलं तर वसुधाताईंना वर्गाबाहेर उभं करतील, म्हणाले.

मग मीनलचं कपाट उघडलं. मीनलच्या साड्यांना आता तिचा वास येत नाही. तिच्या वासाची बिअर करायची आहे त्यांना. त्यासाठी मला आठवेल ते सांगा, म्हणाले. माझे डोळे भरून आले. मी डब्याची गोष्ट सांगितली. रोज शेपूची भाजी, वर लिंबू पिळलेलं. मुली नाक धरून ‘शेपू आली’ म्हणायच्या आणि ही मुद्दाम त्यांच्याच मांडीवर डबा उघडायची. भाऊजींनी ते वहीत उतरवलं आणि पुढे हॉपचं नाव लिहिलं.

विचारलं की पूर्ण उत्तर द्यायचं, हातचं काही राखायचं नाही, असं आम्हाला शाळेत शिकवलेलं.

८ जुलै

खिडक्यांना काळा कागद लावला. उजेडाने हॉप्सचा वास बिघडतो म्हणे. मागच्या खोलीत पिंप आहे, त्याच्या नळीतून दिवसभर बुडबुड चालते. शेजारच्या मिसेस कोह फ्लॅटच्या लोखंडी गेटपाशी येऊन चिडवून गेल्या, की अंकलना कंपनी मिळाली, आता हसतात लाह! इथे वाक्यामागे ‘लाह’ लावायची पद्धतच आहे.

आज पपनसाची गोष्ट सांगितली. मीनल कंपासपेटीत साल ठेवायची आणि भूमितीच्या तासाला कंटाळा आला की दोघी हुंगायचो.

१२ जुलै

मागची पानं चाळली. शेपूच्या डब्याचं मी लिहिलं आहे. अक्षर माझं. मला असं काही आठवत नाही. पपनसाचंही नाही.

वय झालं, असं मनाशी म्हटलं. पण भाऊजींनी पिंपातली थोडी बिअर ग्लासात दिली, तर त्यात शेपू होता, लिंबू होतं, पपनस होतं. भाऊजी रडत होते. मला काहीच वाटलं नाही. अनोळखी माणसाच्या घरातला वास असावा, तसा.

खाली जाऊन कॉफी घेतली. कॉफीला वासच नव्हता.

१६ जुलै

गेटला कुलूप. बाहेरची हवा शिरली की वास मरतो, आता थोडेच दिवस, चोवीसला मी स्वतः चांगीला सोडतो, असं भाऊजी अगदी प्रेमाने म्हणाले. फोन त्यांच्याकडे असतो. राधिकाचा आला तेव्हा शेजारी बसून राहिले. ती बाळाच्या झबल्यांबद्दल विचारत होती. मी शिवली होती म्हणे.

मी कोणती झबली शिवली?

१८ जुलै

आता मी काही सांगत नाही. भाऊजी हसले. आता सांगायची गरज नाही म्हणाले. शेवटचे हॉप्स शिजवत नाहीत. मलमलच्या पिशवीत बांधून बंद पिंपात नुसते भिजत ठेवतात. वास आपोआप उतरतो. उरलेला चोथा स्वयंपाकघरातल्या शूटमधून, म्हणजे भिंतीतल्या कचरा टाकायच्या बोळातून, थेट खाली.

वाण मात्र नीट निवडावा लागतो, म्हणाले. दहा वर्षं एका बाकावर मुरलेला वाण त्यांना दुसरा कुठे मिळणार होता?

काळ्या खिडक्या. दाराच्या फटींना रबर. म्हणजे हे घरही पिंपच. मी पिंपाबाहेर नाही.

२० जुलै

मिसेस कोह आल्या. मी गेटच्या गजांतून हात बाहेर काढला, हाका मारल्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं नाही. हवा हुंगून आनंदाने भाऊजींना विचारलं, बायको परत आली का?

आईचं नाव आठवत नाही. शाळेचं—

२२ जुलै

पेनने तळहातावर लिहून ठेवलं. २४. राधिका. बाळ.

भाऊजी मागच्या खोलीत कुणाशी तरी बोलतात. बाईचं हसू. बुडबुड थांबली आहे.

२३ जुलै

ती दारात उभी होती. लिंबाचा वास. वसू म्हणाली आणि गालावरून हात फिरवला. मी विचारलं, आपण कोण?

ती रडली. मग भाऊजींना म्हणाली, ही आता अगदी कोरडी झाली हो.

२४ जुलै

स्वयंपाकघरात शूटचं झाकण उघडल्याचा आवाज. ते दोघं येत आहेत, हळू बोलत.

हातावर राधिका लिहिलं आहे. अक्षर माझंच दिसतं. कोण आहे ते माहीत नाही, पण बाळही लिहिलं आहे, म्हणजे ती कुणाची तरी वाट बघत असेल. तिला कुणीतरी कळवा की जिची वाट बघतेस ती—