ब्रेक आणि सासूबाईंमार्फत निरोप

मु. बोरी अरबजवळचा तांडा,
मंगळवार, ता. १७ एप्रिल १९६२

सन्माननीय व्याही धरमसिंग गुरुजी यांस डोंगरसिंगचा हात जोडून रामराम.

आज सकाळची ताजी हकिकत अशी, की आपली गाडी थांबली. ही ऐकीव गोष्ट नव्हे. आमच्या तांड्याचे नायक बाबूसिंग यांनी गाडीच्या टपावर हात ठेवून, चार माणसांदेखत, ती थांबल्याची खात्री केली आहे. फक्त ती ब्रेक लावून थांबली नाही, नायकांच्या कडब्याच्या गंजीत शिरून थांबली, एवढाच फरक. त्यामुळे मन लागत नाही म्हणून हे पत्र.

तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला गेला असेल. मुकुटबनकडे यंदा ऊन फार आहे असं ऐकतो. मांडव घालून झाला असेल, आणि आमचे चिरंजीव देवसिंग तुमच्याकडे कामाला हातभार लावत असतील (जेवायला नक्कीच लावत असतील). आठ दिवस आधी मेहुण्याच्या लग्नाला गेला त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जाताना गाडीचा जॅक बरोबर नेला, तो कशाला? मांडव उचलायला? असो.

साखरपुड्याच्या दिवशी मी तुमच्या ओट्यावर सगळ्या पाहुण्यांसमोर काय बोललो ते तुम्हाला आठवत असेल. म्हणालो होतो, भावाच्या हळदीला आमची सून लालीबाई येईल ती आमच्या स्वतःच्या गाडीतून येईल, एस.टी.त उभी राहून येणार नाही. (पाहुणे हसले होते.) हळद शनिवारी. म्हणजे शुक्रवारी पहाटे निघायलाच हवं. पोरीने महिनाभरापासून पेटी भरून ठेवली आहे, तोंडाने काही म्हणत नाही, पण रोज एकदा पेटी उघडते आणि माझ्यासमोर झाकण जरा जोरात बंद करते. तिचा एकुलता एक भाऊ, आणि ती हळदीला नसली तर मला तुमच्याकडे पुन्हा तोंड दाखवता येणार नाही, हे मला समजतं. म्हणून तर ही सगळी खटपट.

गाडी तुम्ही पाहिली आहे. मिलिटरीच्या लिलावातली, पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. चढाला घोड्यासारखी जाते. उतारालाही घोड्यासारखीच जाते, तो तिचा दोष. जिनिंगच्या लॉरीवर ड्रायव्हर असलेला हिरासिंग परवा बाजारात भेटला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, रबरी वायसर गेले. तेल गळून राह्यलं. नवे टाका, तेल भरा, हवा काढा. घरच्या घरी होते." मी म्हटलं, हवा कशाची? तो म्हणाला, नळीत तेलाऐवजी हवा असली की पाय दाबला तरी हवाच दबते, चाकाला काही कळत नाही. मग त्याने रीत सांगितली. एकाने आत बसून पेडल तीनदा मारायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकाजवळचा बारीक नट सैल करायचा, बुडबुडे आणि तेल बाहेर येतं, नट बंद करायचा, आणि मगच आतल्याने पाय सोडायचा. आधी पाय सोडला की बाहेरची हवा पुन्हा आत. काम दोन माणसांचं, म्हणाला, आणि दोघांनी एकमेकांशी बोलत राहायचं. (हे त्याने दोनदा सांगितलं होतं.)

वायसर आणि तेलाचा डबा यवतमाळहून आणवले. जॅक नव्हता, तेव्हा सहा माणसांनी गाडी उचलून खाली बाभळीचे ओंडके सरकवले. वायसर मी स्वतः बदलले. मला मोटारीतलं बऱ्यापैकी कळतं (एक वायसर उलटा बसला होता, तो नंतर सुलटा झाला). उरली हवा. आता दुसरं माणूस कोण? आमच्या मंडळींचा, म्हणजे रुपीबाईचा, पाय पेडलपर्यंत पोहोचत नाही. गाडी उचलणारे सहाही जण मग तूर विकायला दारव्ह्याला गेलेले. राहिली लालीबाई. पाय लांब, अंगात ताकद, आणि गुरुजींची मुलगी म्हणून सांगितलेलं एकदाच समजतं.

आणि इथे गुरुजी, तुमच्या शिकवणुकीने माझा घात केला. आपल्यात सून सासऱ्याशी बोलत नाही, घुंगट ओढते, ही जुनी रीत. पण तांड्यातल्या इतर सुना अडीनडीला भिंतीकडे तोंड करून दोन शब्द टाकतात की. तुमची लेक ते देखील करत नाही. चार वर्षांत तिचा आवाज मी ऐकलेला नाही. मग आमची व्यवस्था अशी झाली : मी चाकापाशी आडवा, लालीबाई केबिनमध्ये घुंगट ओढून, आणि मधे रुपीबाई उभी. मी रुपीबाईला सांगायचं, रुपीबाईने सुनेला सांगायचं, सुनेने रुपीबाईला उत्तर द्यायचं आणि ते माझ्यापर्यंत यायचं.

"सुनेला सांग, दाब म्हणावं."

"लाले, दाब म्हणतात."

थोड्या वेळाने, "दाबलं म्हणते."

इथपर्यंत ठीक होतं. पण लांब निरोप आखडून द्यायची रुपीबाईला सवय आहे. मी सांगितलं, "मी नट बंद केल्याशिवाय पाय सोडू नको म्हणावं." एवढं मोठं वाक्य कोण नेईल? तिने त्यातलं तिला महत्त्वाचं वाटलं तेवढं दिलं, "पाय सोड म्हणतात." सोडला. माझ्या बोटांदेखत नळीने घोटभर हवा ओढून घेतली. असं सहा वेळा झालं (नऊ). सातव्या वेळेस मी ओरडलो, "काहून सोडला?" तर रुपीबाई म्हणाली, "तुम्हीच तर म्हटलं, अन् आता कायले ओरडता?" एकदा तर ती भाकर करपते म्हणून आत निघून गेली. इकडे मी नट सैल करून आडवा, तिकडे सून पेडल दाबून बसलेली, आणि निरोप्याशिवाय दोघेही बोलू शकत नाही. गुरुजी, भाकऱ्या झाल्या, भाजीला फोडणी पडली, तोपर्यंत आम्ही तसेच होतो.

मग मी तोड काढली, सुनेने भोंगा वाजवावा. दाबलं की एकदा, सोडलं की दोनदा. पण आमचा भोंगा ऐकला की गाडी बाजाराला निघाली असं तांड्याला वाटतं. पहिल्या चाकाची हवा निघायच्या आत अकरा माणसं, दोन शेळ्या आणि एक कोंबड्यांचं खुराडं हौद्यात बसलेलं. मला गाडी जड वाटली ती चाकाखालून. (उतरवायला दीड तास लागला. एक शेळी अजून आमच्याकडेच आहे.)

आपल्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य देशभर फिरवलं, त्यात एकाही बैलाच्या नळीत हवा गेल्याचं मी ऐकलेलं नाही. पण काळ बदलला, चालायचंच. संध्याकाळपर्यंत चारही चाकं झाली असं मी जाहीर केलं आणि आज सकाळी गाडी काढली.

अंगणातून नायकांच्या घराकडे उतार आहे. मी पेडल दाबलं. कापसाच्या बोजात पाय जावा तसं ते खाली गेलं आणि तिथेच राहिलं. नायक बाबूसिंग बाजेवर बसून दात घासत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि वयाच्या मानाने ते फार चपळ आहेत हे मला आज कळलं. बाज वाचली. मग गंजी. यातली खरी गोष्ट मला मागाहून समजली. गाडी उताराला लागताच सुनेच्या लक्षात आलं होतं. तिने सासूच्या कानात सांगितलं, हातब्रेक ओढायला सांगा. सासूने डोक्यावरची घागर खाली ठेवली, पदर सावरला, धावत आली, आणि कडब्यातून माझं डोकं बाहेर निघताना मला म्हणाली, "सून म्हणते, हातब्रेक ओढा."

सध्या चार बैलांनी ओढून गाडी पुन्हा अंगणात उभी केली आहे. तेल थोडं शिल्लक आहे. नायकांची समजूत घालायला मी आता जातो. विहीणबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
डोंगरसिंग

ता. क. : मूळ सांगायचं राहिलं. काम एका शब्दावर अडलं आहे. सुनेला विचारलं (सासूमार्फत), तर म्हणते, बापाने घातलेली शिस्त बापानेच सैल करावी. तरी पत्र मिळताच तार करा. फक्त "बोल" एवढं लिहा, ती समजेल. तार वेळेवर आली तर शुक्रवार साधेल. नाहीतर मला सुनेला एस.टी.त बसवून द्यावं लागेल, आणि ओट्यावरचे तुमचे पाहुणे जन्मभर हसतील.

आणखी ता. क. : बा, मी लाली. तार करू नका.

चाकाचा नट आवळताना पाना निसटून मामाजींचं बोट चेचलं, म्हणून कालपासून त्यांचं लिहिणं मीच करते. हे पत्रही ते खाटेवरून याडीला, म्हणजे सासूबाईंना, सांगत होते, आणि याडी मला. कंसातलं त्यांनी सांगितलेलं नाही.

मामाजी गंजीचं बघायला नायकांकडे गेले आणि आम्ही दोघी गाडीपाशी गेलो. या वेळी पेडलवर याडी, पाठीमागे दोन उशा घेऊन. पोहोचतो तिचा पाय. चाकाशी मी. "दाब याडी", "दाबलं", "धर", "सोड." चार चाकं, चहा उकळायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ. ब्रेक लागतो. मामाजींना दिसू नये म्हणून घरामागच्या उतारावर आम्ही दोनदा पाहिला. गाडी याडीने चालवली की मी, ते विचारू नका.

बोलायची परवानगी मला नको. आत्ता मामाजींचं सगळं याडीमार्फत येतं, त्यात निम्मं वाटेत गळतं, आणि उरतं ते ऐकण्यासारखं असतं. तुमची तार आली की सगळंच सरळ माझ्याकडे येईल.

उद्या सकाळी मामाजी एकदा शेवटचं म्हणून पेडल दाबतील. ब्रेक लागेल. याडी म्हणणार आहे, "शेवटी तुमच्याच हाताला यश." ती ते आत्तापासून न हसता म्हणायचा सराव करते आहे. शुक्रवारी पहाटे आम्ही निघू, गाडी मामाजीच चालवतील, आणि दिवे लागायच्या आत तुमच्या ओट्यासमोर उभे असू. पाहुण्यांना बाहेर बोलावून ठेवा. गाडी थांबली की सगळ्यांदेखत मामाजींच्या ब्रेकची तारीफ करा, अगदी भरपूर. ते मागे वळून याडीकडे पाहतील, याडी माझ्याकडे पाहील, आणि मी घुंगट आणखी चार बोटं खाली ओढीन.