काटा आडूळच्या पुढं चढतो

४ मे, रविवार

पाचोडहून येताना चढलाच! आडूळ सोडलं आणि टेंपरेचरचा काटा अर्ध्यावरून उठला तो थेट लाल रेघेपर्यंत. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, बाभळीखाली उभा राहिलो. थोड्या वेळात काटा आपोआप खाली. पुढं निघालो — झाल्टा फाट्याला परत वर. मग कुणीतरी सांगितलेलं आठवलं की हीटर लावला की इंजिनची गरमी आत येते. लावला. मे महिन्यात हीटर! पुंडलिकनगरात खोलीवर पोचलो तेव्हा शर्ट पिळून वाळत घालायच्या लायकीचा झाला होता.

ही गाडी मी मिरवायला घेतलेली नाही. अंबिकाचे दिवस भरत आलेत आणि ती माहेरी पाचोडला आहे. मागच्या खेपेला तिथंच असताना अवेळी दुखायला लागलं, गाडी मिळेमिळेपर्यंत उशीर झाला आणि बाळ गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जरा लवकर आणलं असतं तर... तो ‘तर’ अजून माझ्या कानात आहे. म्हणून ही जुनी गाडी घेतली. एकाच कामासाठी — कळा सुरू झाल्या की पाचोडहून इथल्या दवाखान्यात. आणि नेमकी त्याच रस्त्यावर ती उकळते.

इथं खोलीवर ये म्हटलं तर मायलेकींचा नकार. मी कंपनीत गेल्यावर तिच्याजवळ कोण? बरोबरच आहे म्हणा.

५ मे

मुकुंदवाडीला सांडूच्या गॅरेजात गाडी टाकली. पाणी कमी झालं होतं. इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट टाकीत भरून त्यानं झाकण लावलं, गाडी चालू ठेवून बराच वेळ काट्याकडं बघत बसला. काटा ढिम्म. म्हणाला, भाऊ, तुमचा सेन्सर झूठ बोलतोय. सेन्सर बदलला.

८ मे

रोज चिकलठाण्याला कंपनीत जाऊन येतो. काटा अर्ध्यावर, शहाण्या पोरासारखा. जरा जेवण गेलं आज.

११ मे, रविवार

पाचोड. अंबिकाचे पाय सुजलेत. सासूबाईंनी, दगडाबाईंनी, माझ्यासाठी मुद्दाम धपाटे केले होते. त्या बोलतात तरी. मामा, म्हणजे सासरे केरबा, माझ्याशी दोन शब्दांच्या वर बोलत नाहीत. आयुष्य मेंढरांमागं गेलं, माणसांशी बोलायची सवय नसेल. पण मला वाटतं त्यांना मीच पसंत नाही. शहरातला, भाड्याच्या खोलीतला जावई.

उजव्या हाताला फडकं बांधलं होतं. विचारलं तर म्हणाले, चुलीवर भाजलं. मामा कधी चुलीपाशी जात असतील असं वाटत नाही. पण मी जास्त विचारलं नाही.

जेवताना मात्र एकदम म्हणाले, “दवाखाना हितंबी हाय. यंत्राचा काय भरवसा?” हेच तर मला रोज वाटतं! पण ते दुसऱ्यानं बोललं की अंगाला झोंबतं. मी आत अंबिकाजवळ जाऊन बसलो. मामा उठून बाहेर गेले, बराच वेळ आलेच नाहीत.

परतताना आडूळच्या पुढं — वर! मग खाली. मग वर. नवा सेन्सरही झूठ बोलतो वाटतं.

१२ मे

सांडूनं परत पाणी भरलं. आता म्हणे थर्मोस्टॅट अडकतोय, ज्याला तो वाल म्हणतो. इंजिन तापलं की हा वाल उघडतो आणि पाणी फिरायला लागतं. काढूनच टाकू म्हणाला, आपल्याकडं गरज काय त्याची. काढला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

मी कंपनीत तपासणीला आहे. खराब माल आला की आम्ही फळ्यावर ‘का?’ लिहितो, त्याच्या उत्तराखाली परत ‘का?’, असं मुळापर्यंत. आज घरी तेच केलं. काटा का चढतो? पाणी कमी होतं म्हणून. पाणी का कमी होतं? पुढं काही सुचेना. गळती कुठं दिसत नाही. पाईप कोरडे. कुठं घोडं पेंड खातंय कळत नाही.

१५ मे

अंबिकाचा फोन. मी गाडीचं सांगत होतो. ती मधेच म्हणाली, “तुमी गाडीचंच बोलता. माझं कधी इचारनार?” आणि ठेवून दिला.

कसं सांगू तिला, की तिचं विचारायची मला भीती वाटते. पोटात हलतंय का, हे विचारायला तोंड उघडत नाही. मागच्या वेळी मी रोज विचारायचो. एक दिवस ती म्हणाली, सकाळपासून नाही हललं. त्याच रात्री दुखायला लागलं. गाडीचं विचारलं तर निदान उत्तर सांडू देतो. बाकी कशाचंच उत्तर कुणाकडं नाही.

१८ मे, रविवार

परत तेच. वाल नाही, सेन्सर नवा, तरीही. आडूळच्या पुढं गाडी उभी करून रस्त्याकडेला बसलो आणि रडलो. ट्रकवाले बघत होते. बघू देत.

अंबिकाला या गाडीत घालून आणायचं? आणि मधेच बंद पडली तर? परत तोच ‘तर’. माझ्याच्यानं काही होत नाही. ना बायकोला धीर देता येत, ना एक इंजिन थंड ठेवता येत.

१९ मे

सांडू म्हणाला, आता हेड गॅसकेट. म्हणजे अख्खं इंजिन खोलायचं, गाडी आठवडाभर गॅरेजात. आठवडा कुठून आणू? दिवस तोंडावर आलेत.

खोलण्याआधी त्यानं पाण्याची टाकी काढून उजेडात धरली. आत कूलंट नव्हतंच — गढूळ पाणी आणि त्यात काहीतरी तरंगत होतं. चिमट्यानं काढलं. लोकर! काळ्या लोकरीचा पुंजका. सांडू माझ्याकडं बघतच राहिला. “भाऊ, मेंढरं नेता काय गाडीतून?”

मग त्यालाही आठवलं. दर सोमवारी झाकण त्याच्या हाताला सैल लागायचं. त्याला वाटायचं मीच उघडून बघत असेन. झाकण सैल असलं की पाणी लवकर उकळतं, उतू जातं, आत हवा शिरते आणि काटा नाचतो. सोमवारी सांडू ते घट्ट करायचा, म्हणून आठवडाभर कळत नाही. रविवारी परतताना हायवेला कळतं.

आणि झाकण उघडणारा फक्त पाचोडला भेटतो. मामा! यंत्राचा भरवसा नाही हे सिद्ध करायला. लेक तिथंच ठेवायची म्हणून. कुंपणच शेत खात होतं आणि मी सेन्सर बदलत बसलो.

२० मे

रजा टाकली. सांडूनं टाकी धुऊन, वाल परत बसवून, कूलंट भरून दिलं होतं. तडक पाचोड.

मामा ओट्यावर बसले होते. मी चप्पलही काढली नाही. नको नको ते बोललो. म्हणालो, एक नातवंड गेलं तेवढं पुरलं नाही का तुम्हाला? हे बोललो मी. लिहिलं पाहिजे, कारण उद्या मला वाटेल की असं बोललोच नव्हतो.

मामा खाली बघत होते. मग सावकाश म्हणाले, “पाव्हण्याचं जनावर तहानलेलं वाटं लावीत नसत्यात. माझी लेक बसनार हाय त्यात.”

बस्स, एवढंच. बाकी सगळं सासूबाईंनी सांगितलं. मी दर रविवारी आत जेवायला बसलो की हा माणूस विहिरीवरून कळशी भरून आणायचा. माझ्या गाडीत घाण जाऊ नये म्हणून पाणी घोंगडीच्या पदरातून गाळायचा. बैलगाडीचा पाहुणा असता तर बैलांना पाजलं असतं, माझ्याकडं ही गाडी होती. पहिल्या रविवारी गाडी नुकतीच आलेली, तापलेली. झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी हातावर उडालं. जावयाला सांगू नका म्हणाले, त्याला वाईट वाटंल. त्या भाजलेल्या हातानं झाकण घट्ट बसेना.

अंबिका दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मी तिच्याकडं पाहिलं. “जावा तुमी,” म्हणाली.

परतताना आडूळ आलं, गेलं. झाल्टा फाटा आला. काटा जागचा हलला नाही. इतके दिवस याचसाठी जीव टांगणीला लागला होता, आणि आता काडीचा आनंद झाला नाही.

२२ मे

अंबिका फोन उचलत नाही. सासूबाईंनी उचलला — बरी हाय, म्हणाल्या आणि ठेवला. गाडी ठणठणीत आहे. मी नाही.

२३ मे

कंपनीत फळ्यावर कुणीतरी ‘का?’ लिहून ठेवलं होतं. बघवेना. काटा का चढतो, हे सांडूला विचारलं, स्वतःला विचारलं. मामांना एकदाही विचारलं नाही की रविवारी तुम्ही बाहेर जाऊन काय करता. एवढंसं विचारलं असतं. आता कळा सुरू झाल्या तर ते मला बोलावतील तरी का? त्यांनी दुसरी गाडी सांगितली असेल. सांगितलीच पाहिजे. माझ्यासारख्याला कोण बोलावेल?

२५ मे, रविवार

पहाटे फोन आला. मामांचा! आजवर त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. “जावईबापू, गाडी आना.”

मुलगी झाली. रडली — जोरात. दोघी बऱ्या आहेत. येताना काटा कुठं होता, मला माहीत नाही. अंबिकानं माझा खांदा घट्ट धरला होता, काट्याकडं बघायचं राहूनच गेलं.

नात बघून मामा गुपचूप खाली गेले. मी मागं गेलो तर दवाखान्याच्या आवारात गाडीपासून हातभर लांब उभे, भरलेली बाटली घेऊन. बॉनेटला हात लावला नव्हता. मला म्हणाले, “लई पळालीय बिचारी. पाजू का?”

इंजिन निवेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. मग झाकण मी उघडलं. पाणी त्यांनी ओतलं.