निळ्या पंपाचं मला कळतं

३ नोव्हेंबर २००६
दमा निघाला. डॉक्टरांनी दोन पंप दिले. निळा धाप लागली तरच, तपकिरी रोज, गुण दोन-तीन आठवड्यांनी. तपकिरीत स्टेरॉइड. ते पहिलवानांनी घ्यावं, कपाटात ठेवला. निळा आत जाऊन काय करतो ते बीएस्सीच्या पोरांना दहा वर्षं शिकवतोय. मला कोण काय सांगणार?

६ नोव्हेंबर
क्लासमध्ये जी प्रोटीन घेतलं, पेशीच्या आतला निरोप्या. अल्फा, बीटा, गॅमा तिघं चिकटून बसलेले. बाहेर रिसेप्टरवर, म्हणजे पेशीच्या कुलपावर, औषध बसलं की अल्फा जुना रेणू जीडीपी टाकतो, नवा जीटीपी घेतो, दोघांना सोडून निघतो. पुढच्या एन्झाइमला कामाला लावतो, श्वासनळी सैल. मग स्वतःच जीटीपी मोडून घरी परत. निळा पंप ओढून दाखवला. पोरांवर छाप पडली.

१४ नोव्हेंबर
निळा दिवसाला चारदा. खाली नूरुद्दीनभाईंचे कापडाचे लूम, वर आमचं घर आणि क्लास. कापसाचा भुसा चहातसुद्धा. विनिता म्हणते, महिनाभर वज्रेश्वरीला माझ्या माहेरी राहू. साफ नाही म्हटलं. या धुळीत जन्मलो, ती मला काय करणार?

२२ नोव्हेंबर
आठदा. पूर्वी पंपाचा एक झटका दुपारपर्यंत पुरायचा, आता हजेरी संपेपर्यंत पुरत नाही. माल डुप्लिकेट असणार. केमिस्ट बदलला.
क्लासमधल्या रमशाने विचारलं, "सर, रोज एवढं औषध आलं तर पेशी रिसेप्टर आत ओढून घेत नाही का?" परीक्षेला नाही म्हणून खाली बसवली. मुलगी फार वाचते.

१ डिसेंबर
पंधरा. जिन्यात तीनदा थांबलो. विनिता रडली. सोमवारपासून तपकिरी नक्की.

४ डिसेंबर, सोमवार
तपकिरी एकदा ओढला. तासभर वाट पाहिली. काही फरक नाही. म्हटलंच होतं.

७ डिसेंबर
काल फळ्यावर 'अल्फा' लिहिलं आणि खाली बसलो. ओठ निळे पडले म्हणे. नूरुद्दीनभाईंनी लूम बंद करून मला टेम्पोत घालून हॉस्पिटलात आणलं. आता तोंडावर मास्क, बोलता येत नाही. भीती वाटते. फार वाटते.
डॉक्टरांना नेमकं कळावं म्हणून चिठ्ठी लिहून दिली : रिसेप्टर पेशीने आत ओढलेत, अल्फाला उठवणारं कोणी उरलं नाही.
दिपाली सिस्टरने दोनदा वाचली. विनिताला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, हे बरळाया लागलेत. कोणाला बोलवायचं असंल तर आजच बोलवा."
मी पूर्ण शुद्धीत आहे. दहा वर्षांत इतकं बरोबर उत्तर लिहिलं नव्हतं.